तांबे मोजायचे कोणी?

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एक घोषणा केली आणि ती करताना स्वतःची पाठ थोपटून घेण्यात कसर ठेवली नाही. चार दुर्मीळ आजारांवरील औषधे आता देशातच तयार होऊ लागली आहेत, असे सांगण्यात आले. त्यांपैकी एक औषध होते विल्सनच्या आजारावरील ट्रायंटीन. आयात केलेल्या ट्रायंटीनचा एका रुग्णामागे वर्षाचा खर्च दोन कोटी वीस लाख रुपये येत असे; देशी औषधाने तो दोन लाख वीस हजारांवर येईल, असा मंत्रालयाचा हिशेब होता. शंभर रुपयांचे काम एका रुपयात होत असेल तर त्याचे स्वागत केलेच पाहिजे. वर्षाला दोन लाख वीस हजार म्हणजे महिन्याला अठरा हजारांहून अधिक रुपये होतात आणि शेतमजुराच्या घरात एवढी रक्कम वर्षभरातही शिल्लक पडत नाही, ही गोष्ट क्षणभर बाजूला ठेवू. पण स्वागताच्या या गदारोळात एक समजूत रूढ होऊ पाहत आहे. औषध स्वस्त झाले की आजाराचा प्रश्न सुटला, अशी ती समजूत आहे. ती चुकीची तर आहेच, शिवाय रुग्णांच्या जिवावर बेतणारी आहे.

हा आजार काय आहे हे प्रथम समजून घेतले पाहिजे. माणूस रोजच्या अन्नातून एक-दोन मिलिग्रॅम तांबे पोटात घेतो. शरीराला त्याची गरज असते. पण जास्तीचे तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. हे काम करणारे एक विशिष्ट जनुक आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष आले, तर मुलाच्या यकृतात तांबे साचू लागते. ते तेथे मावेनासे झाले की रक्तावाटे मेंदूत, डोळ्यांत, मूत्रपिंडात जाऊन बसते. शाळकरी वयातल्या मुलाला कावीळ होते, पोटात पाणी होते. एखाद्या तरुणाचा हात कापू लागतो, अक्षर बिघडते, बोबडे बोलू लागतो, लाळ गळते, स्वभाव पालटतो. घरचे लोक कधी देवऋषाकडे जातात, तर कधी मनोरुग्णालयात. लंडनमधील मज्जाविकारतज्ज्ञ सॅम्युएल किनिअर विल्सन यांनी १९१२ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले. हा काही गोऱ्यांचाच आजार नव्हे. दस्तूर, मंघानी आणि वाडिया या मुंबईच्या डॉक्टरांनी सोळा भारतीय कुटुंबांतील विल्सनच्या आजाराचा अभ्यास १९६८ मध्येच प्रसिद्ध केला होता.

उपचार न झाल्यास हा आजार माणसाला मारतो. उपचार वेळेवर सुरू होऊन नीट चालू राहिले, तर तोच माणूस शिकतो, राबतो, संसार करतो आणि म्हातारा होतो. जन्मतः आलेल्या फारच थोड्या विकारांच्या बाबतीत असे म्हणता येते. सारे रहस्य ‘नीट चालू राहिले’ या तीन शब्दांत आहे, आणि घोषणा करणारे नेमके तेच शब्द गाळतात.

औषधे दोन प्रकारची आहेत. पेनिसिलामाइन आणि ट्रायंटीन ही औषधे तांब्याला धरून मूत्रावाटे बाहेर काढतात; जस्ताचे क्षार आतड्यातच तांब्याची वाट अडवतात. कोणतेही औषध जन्मभर घ्यावे लागते. मध्येच सोडले तर काही महिन्यांत किंवा थोड्याच वर्षांत यकृत एकाएकी निकामी होऊन रुग्ण दगावू शकतो. उलट प्रमाणाबाहेर घेतले तर शरीरातले गरजेचे तांबेही निघून जाते. रक्तपेशी घटतात, पंडुरोग होतो, हातापायांच्या नसा दुबळ्या होतात. एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला आड, आणि मधली वाट अरुंद. ती वाट डोळ्यांना दिसत नाही, मोजूनच कळते.

मोजायचे ते असे. चोवीस तासांचे सारे मूत्र गोळा करून त्यातील तांबे पाहायचे. निरोगी माणसाच्या मूत्रात दिवसाला साधारण पन्नास मायक्रोग्रॅमहूनही कमी तांबे असते. पेनिसिलामाइन किंवा ट्रायंटीनवर स्थिरावलेल्या रुग्णाच्या मूत्रात ते दोनशे ते पाचशे मायक्रोग्रॅम असावे, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. आता समजा, ते शंभरच भरले. याचा अर्थ काय? रुग्णाने गोळ्या घेणे सोडले असेल, म्हणून तांबे बाहेर पडत नसेल. किंवा वर्षानुवर्षे गोळ्या घेऊन साठा इतका रिता झाला असेल, की बाहेर पडायला तांबेच उरले नसेल. पहिल्या रुग्णाचे औषध पुन्हा सुरू व्हायला हवे, दुसऱ्याची मात्रा कमी व्हायला हवी. आकडा एकच आणि उपाय परस्परविरुद्ध. यातला भेद रक्ताच्या तपासणीने कळतो. सेरुलोप्लाझ्मिन नावाच्या प्रथिनाला न चिकटलेले, मोकळे तांबे रक्तात किती आहे ते पाहिले की पहिल्या रुग्णाचे वाढलेले आणि दुसऱ्याचे घटलेले दिसते. म्हणून वर्षातून निदान दोनदा मूत्र आणि रक्त तपासावे, उपचाराच्या आरंभी याहून अधिक वेळा तपासावे, असे जगभरची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. या मोजणीवाचून औषध देणे म्हणजे वजनकाट्यावाचून विष विकणे होय.

गावातला रुग्ण हे सारे कसे करणार? एट्टापल्लीच्या किंवा मेळघाटातल्या एखाद्या मजुराच्या मुलीला हा आजार आहे असे धरू. मूत्र गोळा करायला धातूचा अंश नसलेली, आम्लाने धुतलेली बाटली लागते. घरातल्या पितळी तांब्यात किंवा बाजारातल्या कुठल्याही डब्यात ते धरले तर आकडाच खोटा येतो. दिवसभरातली एक खेप जरी राहून गेली तरी हिशेब चुकतो. शेतात निंदणीला गेलेल्या मुलीने ती बाटली कोठे ठेवायची? मग तो नमुना तपासणार कोण? दुर्मीळ आजारांविषयीच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाने आरंभी आठ केंद्रे नेमली. त्यांत महाराष्ट्रातले केंद्र एकच, मुंबईचे केईएम रुग्णालय. गडचिरोलीहून मुंबई जवळपास हजार किलोमीटर दूर आहे. बापाचे आठवडाभराचे रोजगार, दोघांचे भाडे, मुंबईत उतरण्याची विवंचना हा खर्च मंत्रालयाच्या दोन लाख वीस हजारांत कोठे मांडलेला आहे? तो मांडलेला नाही, कारण हिशेब गोळीचा आहे, रुग्णाचा नाही.

असे का होते, याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे आणि ते या आजाराच्या इतिहासातच लख्ख दिसते. शरीरातले तांबे बाहेर काढणारे पहिले औषध दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑक्सफर्डमध्ये तयार झाले. ल्युइसाइट या विषारी युद्धवायूवर उतारा म्हणून त्याचा शोध लागला होता. पुढे १९५० च्या दशकात जॉन वॉल्श या इंग्रज डॉक्टरांनी पेनिसिलामाइन वापरण्याची कल्पना मांडली. पेनिसिलिन घेतलेल्या माणसांच्या मूत्रात त्यांना हा पदार्थ आढळला होता. रुग्णाला देण्याआधी त्यांनी तो स्वतः गिळून पाहिला आणि १९५६ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही रुग्णांना पेनिसिलामाइन सोसेना, तेव्हा १९६९ मध्ये त्यांनीच केंब्रिजमध्ये ट्रायंटीन वापरात आणले. त्याचे मूळ द्रव्य इपॉक्सी कडक करण्यासाठी कारखान्यांत वापरले जाते, इतके ते सामान्य आहे. विद्यापीठे आणि सार्वजनिक रुग्णालये यांच्या आधाराने आणि एका डॉक्टरच्या जिद्दीने हे औषध जन्माला आले. रुग्ण थोडे म्हणून कंपन्यांना त्यात रस नव्हता. अमेरिकेने अशा ‘अनाथ’ औषधांसाठी १९८३ मध्ये खास कायदा केला आणि १९८५ मध्ये ट्रायंटीनला परवाना मिळाला.

अनाथाला पुढे पालक कसा भेटला ते पाहण्यासारखे आहे. २०१० मध्ये व्हॅलिअंट या कंपनीने हे औषध बनवणारी कंपनीच विकत घेतली. त्या वेळी शंभर कॅप्सूलची किंमत ६५२ डॉलर होती. २०१५ मध्ये ती २१,२६७ डॉलर झाली. पेनिसिलामाइनही त्याच कंपनीच्या हाती होते; त्याच्या शंभर कॅप्सूल ८८८ डॉलरवरून २६,१८९ डॉलरवर गेल्या. संशोधनावर नवा पैसा खर्च झाला नव्हता, औषधात काडीचाही बदल नव्हता, एकस्वाची मुदत केव्हाच संपली होती. बदलली होती ती फक्त मालकी. अमेरिकन सिनेटच्या समितीने २०१६ मध्ये या प्रकाराची चौकशी करून ताशेरे ओढले. २०१८ मध्ये दुसऱ्या कंपनीने तेच औषध बाजारात आणले, तेव्हा स्पर्धेचे गोडवे गाणाऱ्यांना वाटले की आता किंमत कोसळणार. नव्या कंपनीने शंभर कॅप्सूलला १८,३७५ डॉलर किंमत लावली. औषधाविना जो मरणार आहे त्याच्याशी बाजार घासाघीस करत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

पण या लुटीची चर्चा करतानाही एक गोष्ट नजरेआड होते. गोळी विकून निदान कोणाचा तरी नफा होतो, म्हणून गोळी बाजारात येते तरी. मोजणीतून कोणाचा नफा होतो? तपासणीचा निष्कर्ष कित्येकदा ‘मात्रा कमी करा’ असा निघतो. आपला माल कमी घ्या असे सांगणाऱ्या यंत्रणेवर कोणता उत्पादक पैसा खर्च करील? खासगी प्रयोगशाळांची गत निराळी नाही. नमुने थोडे, म्हणून तपासणी महाग. महाग म्हणून लोक ती टाळतात. टाळतात म्हणून नमुने आणखी थोडे. हे चक्र बाजार स्वतः कधीही तोडणार नाही. जी गोष्ट समाजाला आवश्यक आहे पण विकून फायदा होत नाही, ती पुरवण्यासाठीच राज्यसंस्था असते. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवले जाणारे हे तत्त्व आपल्या नियोजनकारांनी निवृत्तीपूर्वीच विसरून टाकलेले दिसते.

नफा नसलेल्या मोजणीने काय साधते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे, आणि तेही तांब्याचेच आहे. एकेकाळी आपल्याकडे लहान मुलांना यकृताचा एक भयंकर आजार होई. दोन-तीन वर्षांची मुले पोट फुगून दगावत. एकाच घरातली पाठोपाठची भावंडे गेली की लोक दैवाला बोल लावत. या मुलांच्या यकृतात तांब्याचा प्रचंड साठा आढळे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडमधील डॉ. टॅनर यांच्यासह या मुलांच्या आहाराचा शोध घेतला आणि १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो मांडला. तान्ह्या वयात वरचे दूध सुरू झालेले, आणि ते दूध पितळ-तांब्याच्या भांड्यांत तापवलेले व ठेवलेले, असे त्यांना दिसले. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकते हे घरोघरी ठाऊक होते. दूधही मुलाच्या यकृतात विष साठवू शकते हे मोजल्यावर कळले. अंगावरच्या दुधाचा आग्रह धरला गेला, पितळी भांडी मागे पडून स्टेनलेस स्टीलची आली, आणि तो आजार पुढच्या काही वर्षांत जवळजवळ नाहीसा झाला. त्यात कोणतीही कंपनी श्रीमंत झाली नाही; म्हणूनच कदाचित त्या विजयाचा डंका कोठे वाजला नाही. विल्सनचा आजार भांडी बदलून जाणारा नाही, तो रक्तातच आलेला आहे. तांब्याच्या घागरीतले पाणी गुणकारी म्हणून सर्वांना पाजण्याची जी नवी टूम निघाली आहे, ती या रुग्णांना अपायकारक आहे एवढे मात्र येथे सांगितले पाहिजे. पण धडा दोन्हीकडे एकच आहे. आधी मोजा, मग उपाय करा.

राज्याकडे मोजण्याची साधने नाहीत, हे म्हणणे टिकणारे नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्राने मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली. शेतकऱ्याच्या वावरातली माती आणून तिच्यात नत्र, स्फुरद, पालाश यांबरोबर जस्त, लोह, मंगल, बोरॉन आणि तांबे किती हे तपासायचे व त्याला पत्रिका द्यायची, अशी ती योजना. योजना चांगलीच आहे. पण याचा अर्थ असा होतो, की शेतकऱ्याच्या जमिनीतले तांबे सरकार मोजून देते आणि त्याच जमिनीवर राबणाऱ्या त्याच्या मुलीच्या शरीरातले तांबे मोजण्याची जबाबदारी मात्र तिच्या बापावर टाकते. माती उत्पन्न देते म्हणून तिची पत्रिका निघते. मुलगीही उद्या उत्पन्न देईल, असे सिद्ध करून दाखवल्यावर तिची पत्रिका निघणार काय? मातीच्या प्रयोगशाळेत रक्त-मूत्र तपासता येणार नाही, त्याला निराळी शुद्धता आणि निराळी कसोटी लागते, हे मान्य. पण ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन स्पेक्ट्रोमीटर नावाचे यंत्र आणि ते चालवणारे रसायनज्ञ या राज्याला अपरिचित नाहीत, एवढे त्यावरून सिद्ध होते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो परकेच नव्हे, आपल्या चळवळीतले मित्रही घेतात. क्षयाने, कुपोषणाने, बाळंतपणात माणसे मरत असताना मूठभरांच्या दुर्मीळ आजारावर पैसा का घालायचा, असा तो आक्षेप आहे. तो प्रामाणिक आहे, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. हा आजार तीस हजारांत एकाला होतो असे सामान्यतः धरतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आसपास होती. म्हणजे राज्यात असे सुमारे पावणेचार हजार लोक असावेत. प्रत्येकाची वर्षातून दोनदा तपासणी करायची म्हटली तर साडेसात हजार नमुने होतात. वर्षाचे कामाचे तीनशे दिवस धरले तर दिवसाला पंचवीस. नव्या रुग्णांना वारंवार तपासावे लागते म्हणून हा आकडा दुप्पट केला तरी पन्नास. एका यंत्राला एक नमुना मोजायला काही मिनिटे लागतात. साऱ्या महाराष्ट्राची ही गरज एका सुसज्ज प्रयोगशाळेच्या आवाक्यातली आहे. सोयीसाठी तीन-चार काढल्या तरी क्षयाच्या किंवा कुपोषणाच्या तरतुदीला धक्का लागत नाही. थोडक्यांच्या आजाराचा खर्चही थोडकाच असतो, ही साधी गोष्ट ‘मूठभर’ म्हणताना विसरली जाते. आणि मूठभर आहेत म्हणून सोडून द्यायचे, हे तर्कशास्त्र एकदा पत्करले की ते कोठे थांबते? बहुसंख्येचे हित हे समाजवाद्यांचे सूत्र खरे. पण ज्यांना मतपेटीत वजन नाही आणि बाजारात किंमत नाही त्यांच्या बाजूने उभे राहणे हे त्याच सूत्राचे दुसरे टोक आहे.

विम्याच्या योजना आहेत, मग ओरड कशाला, असा दुसरा आक्षेप. आयुष्मान भारत काय किंवा महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना काय, या योजनांचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर आहे. रुग्ण खाटेवर पडला की योजना जागी होते. जो चालता-बोलता आहे आणि तसाच राहावा म्हणून सहा महिन्यांनी तपासणीला येतो, तो बाह्यरुग्ण. त्याची योजनेला ओळख नाही. म्हणजे मुलगी धडधाकट असताना मूत्रातले तांबे मोजायला पैसा नाही, आणि यकृत निकामी होऊन ती अतिदक्षता विभागात गेली की मात्र सरकारी तिजोरी उघडणार. याला काटकसर म्हणणाऱ्यांनी काटकसरीचा अर्थ पुन्हा तपासावा.

तेव्हा मागणी कशाची करायची हे स्पष्ट असावे. मुंबई, पुणे, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत तांबे आणि सेरुलोप्लाझ्मिन मोजणारी प्रयोगशाळा असावी व तिच्या अचूकतेची बाहेरून नियमित तपासणी व्हावी. मोकळ्या तांब्याचे गणित वजाबाकीने केले तर कधी कधी उत्तर शून्याखाली येते, इतकी ही मोजणी नाजूक आहे. प्रवास नमुन्याने करावा, रुग्णाने नव्हे. पैसे मोजणाऱ्यांसाठी खासगी प्रयोगशाळा तालुक्यातला नमुना महानगरात नेतातच; क्षयरोग्याची थुंकी सरकारी यंत्रणाही वरच्या प्रयोगशाळेकडे पाठवते. धुतलेली बाटली आणि ती कशी वापरायची याची माहिती प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळावी. तपासणी विनामूल्य असावी आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी भरून मिळावी. पेनिसिलामाइन, ट्रायंटीन आणि जस्त यांचा पुरवठा जिल्हा रुग्णालयात खंड न पडता व्हावा. निविदा अडकली म्हणून गोळी थांबणे हे या आजारात प्राणावर बेतते. आणि ज्या घरात एक रुग्ण सापडला त्या घरातली प्रत्येक भावंडे तपासली जावीत, कारण त्यांतल्या प्रत्येकाला हा आजार असण्याची शक्यता चारांत एक असते आणि लक्षणे दिसण्याआधी उपचार सुरू झाले तर ती बहुधा दिसतच नाहीत.

यातली कोणतीही मागणी क्रांतीची वाट पाहणारी नाही. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत, विधिमंडळातल्या प्रश्नोत्तरांच्या तासाला, जिल्हा शल्यचिकित्सकाच्या दारात ती मांडता येते. कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यात एवढे जरी विचारले, की या आजाराचे रुग्ण किती, त्यांची शेवटची तपासणी केव्हा झाली आणि कोणाच्या पैशाने झाली, तरी आरोग्य खात्याला वही उघडावी लागेल. दर सहा महिन्यांनी ती वही उघडायला लावणे, हे या कामाचे स्वरूप आहे. आजार जन्मभराचा आहे. त्याच्यासाठी करायचा पाठपुरावाही तितकाच चिवट असावा लागेल.